रिठातून आणलेला दगड

आमचं मूळ गाव कागदावर आहे, जमिनीवर नाही. महसुलाच्या नकाशात त्याच्या नावापुढे कंसात ‘रीठ’ असं लिहिलेलं असतं. रीठ म्हणजे उठून गेलेलं, ओसाड गाव. हद्दीच्या खुणा शाबूत, शेतांना नंबर, आणि राहायला एक कुत्रंसुद्धा नाही. पुढे मी मोजणी खात्यात नोकरीला लागलो तेव्हा हा शब्द रोज हाताखालून जायचा. दर वेळी वाटायचं, कोण्या जुन्या कारकुनानं मुद्दाम आमच्या घराण्याची थट्टा करून ठेवली आहे.

आम्ही राहायचो आंजीच्या अलीकडच्या एका खेड्यात. रीठ तिथून बैलगाडीनं अडीच-तीन तास, आर्वीकडच्या टेकड्यांच्या पोटात. नाल्यानं तिथं खोल घळ कोरली आहे. दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये वाळू आणि गोटे, आणि वर सगळी बरड, म्हणजे नांगराचा फाळ टेकवला की ठण्ण वाजणारी जमीन. पळसाची चार झाडं सोडली तर सावली नाही. नाल्याला पाणी दोन-तीन महिने, बाकीचं वर्षभर नुसते दगड तापत पडलेले. असल्या ठिकाणी गाव वसवणाऱ्या पूर्वजांच्या अकलेबद्दल मी लहानपणी एकदा शंका काढली होती. बाबांनी तिथल्या तिथे एक ठेवून दिली.

गाव पटकीच्या साथीनं उठलं. आजोबा तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. उरलेली माणसं जीव घेऊन जी निघाली ती परत फिरकली नाहीत. आजोबा मोठे झाले, आमच्या आत्ताच्या गावात त्यांनी जमीन केली, बैल घेतले, आणि मग एके दिवशी आपलं जुनं घर शोधायला गाडी जुंपून रिठात गेले. तिथं दोन तऱ्हेची पडझड आहे. खाली नाल्याच्या काठाला काळ्या दगडांची चौकोनी जोती, एक छप्पर नसलेला मारोती, एक बुजलेली विहीर. आणि त्याच्या वर, बरडीच्या उंचवट्यावर, कमरेएवढे मोठमोठे धोंडे गोल मांडलेले. अशी सात-आठ वर्तुळं. आजोबा खालच्या जोत्यांकडे ढुंकूनही न बघता वर चढले, सगळ्यांत मोठ्या वर्तुळात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, हे आपलं घर.

आपलं पडकं घर शोधायला गेलेला माणूस लहान घर शोधून परत येत नाही, हे मला आज कळतं. तेव्हा कोणाला कळलं नाही. घर गोल कसं, असं कोणी विचारलं तर आजोबा म्हणत, जुनी माणसं गोलच बांधत. मग बाकीच्यांची जोती चौकोनी कशी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. एवढे थोरले धोंडे ज्यांच्या घराला, ते गावचे पाटीलच असणार, हेही ओघानं ठरलं. अशा रीतीनं आम्ही एका नसलेल्या गावाचे पाटील झालो, आणि आजोबांच्या मागे ती पाटीलकी बाबांकडे आली.

दर वर्षी माघातल्या एका रविवारी भावकीतली दहा-बारा माणसं दोन-तीन गाड्या करून रिठात जायची. बायका ते धोंडे पाण्यानं धुवायच्या, हळदकुंकू लावायच्या. मग वर्तुळाच्या बरोबर मधोमध गोवऱ्या रचून रोडगे लावायचे. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवरीच्या आरात भाजलेले, फोडून त्यात तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. रोडगे भाजेपर्यंत बाबा घर दाखवायचे. इथं ओसरी, इथं माजघर, इथं म्हशी. पूर्वेकडच्या दोन धोंड्यांमधल्या फटीला ते दार म्हणायचे, आणि कोणी पोरगं दुसरीकडून आत शिरलं तर ओरडायचे, “काऊन रे, चोर हायेस का? दारातून ये!” मला तर तिथं खरोखर भिंती दिसायच्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाबांनी गावात नवं घर बांधलं. आमच्याकडे नव्या घराला जुन्या घराचा एक तरी दगड लावतात. जागा बदलली तरी घर तेच राहतं, अशी त्यामागची समजूत. बाबांनी चार बैल लावून रिठातला एक धोंडा आणला. बाकीचे जमिनीत रुतून उभे होते, हा एक आडवा पडलेला, लांबट, वरून सपाट. तो त्यांनी पुढच्या दाराला पायरी म्हणून बसवला. बैल दमले, एका गड्याचं बोट चेचलं, पण बाबांचा चेहरा असा फुलला होता की पुन्हा तसा मी पाहिला नाही. घरात येणारा प्रत्येक जण आधी वाकून त्या पायरीला हात लावायचा. आई तिन्हीसांजेला तिथं दिवा ठेवायची.

त्या घरात माझी दोन भावंडं गेली. बहीण आठ महिन्यांची होऊन गेली, भाऊ तीन वर्षांचा होऊन. दोघांनाही तापच. भावाला गाडीत घालून वर्ध्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. बाबा त्यानंतर एका भगताकडे गेले. तो म्हणाला, घरात काहीतरी परकं शिरलंय. झालं, बाबांनी घर उलटंपालटं केलं. लिलावात घेतलेली पितळी घागर देऊन टाकली. जुन्या बाजारातून आणलेला पलंग नाल्यात नेऊन जाळला. माझ्या मामानं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ परत केलं, त्यावरून मामाशी दोन वर्षं बोलणं बंद. काय काय परकं आहे याची यादी ते करत बसायचे ती त्या पायरीवर बसून. पायरीवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. ती तर आपलीच होती.

मी मॅट्रिक झालो, वर्ध्याला मोजणी खात्यात चिकटलो, लग्न झालं. ऐंशीच्या आगेमागे एका हिवाळ्यात शहरातून काही संशोधक मंडळी रिठाच्या बरडीवर तंबू ठोकून बसली. त्यांना जागेचा नकाशा हवा होता, म्हणून कचेरीनं मला महिनाभर तिकडे धाडलं. मी खूश होतो. आपल्याच वाड्याचा नकाशा आपण काढणार! पहिल्या दिवशी त्यांच्या प्रमुखांना, त्यांना सगळे सर म्हणत, मी फुशारकीनं सांगितलंही की हे मधलं मोठं घर आमचं. सर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. ते म्हणाले, “असं का? मग तिथूनच सुरुवात करू.”

वरचा वीतभर थर राखेचा निघाला. सर उकिडवे बसून ती राख बोटांत चोळत होते. मी म्हणालो, ती आमची आहे, रोडग्यांची. त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. खाली मुरूम आणि गोटे. त्याच्या खाली काळी-तांबडी मडकी, गंजलेली लोखंडी कुऱ्हाड, तांब्याचे पत्रे. आणि सहाव्या की सातव्या दिवशी हाडं. सरांनी मला बाजूला बोलावलं आणि अगदी हळू, घरातलं कोणी गेल्याचं सांगावं तसं सांगितलं, की ही घरं नव्हेत. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपली मेलेली माणसं अशी पुरत आणि भोवती धोंडे मांडत. तुमचं गाव ते खालचं, चौकोनी जोत्यांचं. हे स्मशान.

मी मोजणीदार माणूस. हद्दीच्या भांडणात दोन्हीकडचे लोक शपथा घेऊन खोटं बोलतात आणि मोजणीची साखळी खरं सांगते, यावर माझा विश्वास होता आणि त्याचा मला माज होता. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की काही मोजमापं न झालेलीच बरी. मी धोंड्यांना नंबर देत वर्तुळ पुरं केलं. एकोणीस धोंडे, आणि उत्तरेला एक रिकामी जागा. सर म्हणाले, “इथला एक कुणीतरी नेलेला दिसतो. तुम्हाला काही कल्पना?” मी नाही म्हणालो, आणि नकाशात ती जागा तुटक रेषेनं दाखवली.

रोज संध्याकाळी मी सायकलनं घरी यायचो. दारात आलो की पायरी ओलांडून थेट आत उडी मारायचो. त्या आधी मी तिला वाकून हात लावत असे तो सवयीनं, श्रद्धेनं नव्हे, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. मग आता पाय टेकवायला का धजत नव्हतो? बायकोला सातवा महिना लागला होता. तिच्या लक्षात आलं.

“आजकाल पायरीवर पाय काऊन नाई देत तुम्ही?”

“गुडघा दुखून राह्यला.”

“गुडघा दुखते त उडी कशी मारता?”

मी तिच्यावर खेकसलो. ती आत निघून गेली. तिला मी सांगू शकलो असतो, ती समजूतदार होती. आईला सांगू शकलो असतो. पण सांगायचं ते बाबांना, आणि तेच माझ्यानं होईना. सांगितलं की ते भगताचे शब्द आठवणार, हे मला लख्ख दिसत होतं. ते मनाशी म्हणणार, परकं काय ते सापडलं, आणि ते मीच आणलं, चार बैल लावून. माझी दोन लेकरं माझ्या हातानं गेली. असं वाटून घेतलेल्या माणसाचं पुढे काय होतं? दगडानं कोणी मरत नाही, हे मी त्यांना सांगितलंही असतं, पण ते बोलताना माझा आवाज खरा लागेल की नाही याचीच मला खात्री नव्हती.

त्यात माघातला रविवार आला. मी म्हणून पाहिलं, यंदा खोदकाम चालू आहे, रोडगे राहू द्या. बाबा भडकले. “आपल्या घरी जायाले कोनाची परवानगी लागते? अन् ते साहेब लोक आपलंच घर खोदून राह्यले ना? मंग मले पाहाले नोको?” तेव्हा तरी बोलायला हवं होतं. एकट्यात, घरात, आईला जवळ बसवून. ती वेळ मी घालवली, आणि त्याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही.

गाड्या पोचल्या तेव्हा मी खड्ड्याच्या काठावर फीत धरून उभा होतो. सरांना कळलं की हे माझे वडील. ते लगबगीनं पुढे आले, दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. माणूस फार चांगला. त्यांना वाटलं, ज्या माणसानं इतकी वर्षं ही जागा जपली त्याला हे सगळं सांगणं आपलं कर्तव्य आहे. त्यांनी सगळं सांगितलं, सोप्या भाषेत, घाई न करता. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मागे भावकीतली माणसं, आई, कणकेची परात घेऊन उभ्या बायका.

बाबा म्हणाले, “म्हंजे साहेब, हे मसन हाय.”

“हो, तसंच म्हणायचं. पण फार जुनं.”

“लेकरूबी हाय का यात?”

सरांनी एक डबी उघडली. कापसावर तांब्याचं इवलं कडं होतं, हिरवं पडलेलं. “एक आहे. तीनेक वर्षांचं असावं.”

आईनं पदर तोंडावर धरला. सर आपल्याच नादात होते. ते म्हणाले, “बघा ना, एवढ्या काळात सगळं जागच्या जागी राहिलं. एकच धोंडा तेवढा नाही.”

“तो माह्या घरी हाय,” बाबा म्हणाले. “दारात.”

मी नाही म्हणालो होतो, बाबांनी एका दमात हो सांगितलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. बाबांचं लक्ष फळीवर लावलेल्या नकाशाकडे गेलं. त्यांना वाचता फार येत नव्हतं, पण शेताचे नकाशे पाहून पाहून रेषा कळायच्या. तुटक रेषेवर त्यांनी बोट ठेवलं.

“हे तूनं काढलं?”

“हाव.”

“कधीपासून मालूम हाय तुले?”

“आठ दिवस झाले.”

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं, मला त्यांच्या रागाची सवय होती. ते बायकांकडे वळून म्हणाले, “गोवऱ्या उतरवू नोका. इथं चूल नाई पेटवाची आता.” इतकी वर्षं आपण मेलेल्या माणसांच्या छातीवर आर पेटवून जेवलो, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. कणीक तशीच परत निघाली. रस्त्यात ती बैलांना घातली.

घरी पोचताच बाबांनी न्हाणीमागची सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि पायरीच्या फटीत घातली. दोन धक्के मारले असतील. आई येऊन पायरीवर मांडी घालून बसली.

“उठ,” बाबा म्हणाले.

“नाई उठत. माह्यी लेकरं तापानं गेली. डॉक्टरनं सांगतलं तापानं गेली. आता तुम्ही हा दगड काढसान त म्या काय समजू? तुम्ही आनलं अन् तुम्ही मारलं, असं समजू? तुमच्यासंगं एका घरात कशी राहू मंग?”

तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी सब्बल फटीतून ओढून काढली. मग त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली. दगड राहिला. पण त्या दिवसापासून बाबा पुढच्या दारानं आत आले नाहीत. घराला वळसा घालून, गोठ्याच्या अंगानं मागच्या दारानं यायचे आणि जायचे. पाहुणे आले तरी ओट्यावर बसायचे नाहीत. आई तिन्हीसांजेला पायरीवर दिवा लावतच राहिली. एका घरात दोघं दोन दारांनी वावरत होती, आणि माझ्याशी दोघंही जेवढ्यास तेवढं बोलायची.

बायकोला पहिल्या बाळंतपणाला देवळीला माहेरी पाठवलं. चैत्र संपता संपता मुलगी झाली. सगळं सुखरूप. सव्वा महिन्यानं दोघींना आणायला मी निघालो त्या सकाळी आईनं मला गोठ्यात गाठलं.

“ऐक. ते तोंडानं नाई बोलत, पन वाट पाहून राह्यले. काल रात्रीच्या जेवनाले म्हने, पोरगा शिकला हाय, त्या साहेबायसंगं राह्यला, त्याले खरं काय ते समजते. तो काय करते ते पाहू. तू पोरीले घेऊन पायरीवरून आत येजो. तू आला, का त्याईच्या जिवावरचं उतरते. समजलं?”

“हाव.”

“पक्कं?”

“आई, दगड हाय तो. त्यात काय एवढं?”

“तेच त म्हनते म्या,” ती म्हणाली, आणि किती महिन्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

देवळीहून वर्धा, वर्ध्याहून आंजीची गाडी, आणि फाट्यावरून शेजाऱ्याची बैलगाडी. उन्हाळा सरत आला होता तरी ऊन मी म्हणत होतं. सगळ्या वाटेनं मी मनाशी तेच घोकत होतो. डावा पाय नाही, उजवा पाय टाकायचा, थांबायचं नाही, सरळ देवापर्यंत जायचं. मला ते करायचं होतं. बाबांसाठी करायचं होतं, यात तिळमात्र खोटं नाही. आठ दिवस गप्प राहून मी जे केलं होतं ते फेडायला दुसरी कुठली संधी मिळणार होती?

गाडी दारात आली. बाबा ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. चार महिन्यांनी ते घराच्या पुढच्या बाजूला दिसले. आई पायरीच्या आत, उंबऱ्यावर, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला उभी. बायकोनं उतरताना मुलगी माझ्या हातात दिली. मी तिला छातीशी धरलं, दोन पावलं चाललो, आणि माझी हनुवटी तिच्या कपाळाला लागली.

कपाळ गरम होतं.

उन्हातून आलेलं लेकरू, गरम असणारच. गाडीची दांडीही गरम होती, माझा सदराही गरम होता. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं. पायरी समोर होती, धुऊन काढलेली, हळदकुंकू लावलेली. मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला भाऊ गाडीत घातला तो दिवस दिसला. पाय उचललाच जाईना. आई हळूच म्हणाली, “ये ना बापा.” बाबा माझ्याकडे एकटक पाहत होते.

मी वळलो. मुलीला घट्ट धरून घराला वळसा घातला, गोठ्याच्या अंगानं गेलो, आणि मागच्या दारानं आत शिरलो. बायको काही न कळून माझ्या मागे मागे आली. मी मुलीला झोळीत ठेवलं, ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसलं. घटकाभरात ती गार झाली आणि दूध पिऊन झोपली. ताप नव्हताच तिला.

मी पुढे ओट्यावर आलो तेव्हा बाबा उठून उभे राहिले होते. आई उंबऱ्यातच होती, तुकडा तसाच हातात.

“म्हंजे तुलेबी तसंच वाटते,” बाबा म्हणाले.

मला नाही म्हणायचं होतं. पण खोटं बोलायचं म्हटलं तरी आता त्याला कोण विचारणार होतं, त्यांनी पाहिलं होतं. बाबा सावकाश न्हाणीमागं गेले आणि सब्बल घेऊन आले. मी आईकडे पाहिलं. ती या वेळी बसली नाही. तांब्या खाली ठेवून ती भिंतीला सरकली आणि त्यांना जागा करून दिली.

दगड लवकर सुटला. बहुतेक माघातल्या त्या दोन धक्क्यांनीच तो खिळखिळा झाला असावा. पण जागेवरून सरकवायला निदान दोन माणसं लागत होती. मी खाली उतरून दुसरं टोक धरायला वाकलो.

“तू नोको,” बाबा म्हणाले. “तू लेकराजवळ बस.”

आणि त्यांनी गाडीवाल्या शेजाऱ्याला हाक मारली.